बसलेल्या खेळाला पाय फुटले तेव्हा

"ऊठ, जरा बाहेर जाऊन खेळ," हे वाक्य आज घरोघरी ऐकू येतं. मीही माझ्या भाच्याला ते ऐकवलं. मोबाइलवरची नजर न हटवता तो म्हणाला, "मामू, खेळतोच तर आहे!" खोटं नव्हतं त्याचं. मग खेळ आणि हालचाल यांची फारकत झाली कधी?

१९७२ मध्ये अमेरिकेत अटारी कंपनीचा 'पाँग' आला. उंच पेटीपुढे उभं राहायचं, नाणं टाकायचं आणि खेळायचं. पैसे संपले की खेळ संपला. १९७५ मध्ये तोच खेळ घरच्या टीव्हीला जोडता येऊ लागला. नाण्याचा हिशेब सुटला आणि खेळणारा खाली बसला. तो बसला तो बसलाच.

त्याला उठवण्याचा एक मोठा प्रयत्न जपानमध्ये झाला. १९९८ साली कोनामी कंपनीने 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आणला. पडद्यावर बाण सरकतात. गाण्याच्या ठेक्यावर त्या त्या दिशेला पाऊल टाकायचं. अंगठ्यांचं काम पायांकडे आलं.

अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचं डोंगराळ राज्य. मुलांचा लठ्ठपणा ही तिथली मोठी काळजी. २००६ मध्ये त्या राज्याने हा खेळ आपल्या ७६५ सरकारी शाळांत, व्यायामाच्या तासाला आणायचं जाहीर केलं. संघ निवडताना जो मुलगा नेहमी शेवटी उरतो, त्यालाही इथे कुणी 'आउट' करत नाही.

मग असं यंत्र घरी आणून दिलं की झालं? नाही. ह्यूस्टनच्या संशोधकांनी ९ ते १२ वर्षांच्या मुलांना हालचालीचे गेम घरी दिले. किती खेळायचं हे मात्र सांगितलं नाही. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १३ आठवड्यांत ही मुलं बसून गेम खेळणाऱ्यांपेक्षा जास्त हलल्याचं दिसलं नाही. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या तरुणांची पावलं पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ ने वाढली आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा पहिल्याइतकी झाली.

या इतिहासातून मी एवढंच घेतलं, की नवलाई मुलाला उठवते, पण रोज उठवत नाही. शाळेत ठरलेला तास होता, सोबती होते, शिक्षक होते. घरी नुसतं यंत्र होतं. गझलेत रदीफ शेराशेराला परतून येतो, तशी सवयही रोज परतून यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. ती एकदम नको. तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालेल.

मी भाच्याचा मोबाइल हिसकावला नाही. त्याच्या शेजारी बसून त्याचा गेम समजून घेतला, एकदा हरलोही. आता सामना संपला की आम्ही दोघं तळ्यापर्यंत भरभर चालून येतो. वाटेत तो मला पुढच्या डावाचे बेत सांगतो. परवा पाय दुखत होते म्हणून मी टाळाटाळ केली, तर दारात चपला घालून उभा राहिला आणि म्हणाला, "मामू, उठा. बसून काय राहिलात?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)