वनजिल्ह्यांतील संगणक प्रकल्प

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र होत. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यास अखेरच्या वर्षी प्रकल्प सादर करावा लागतो. ग्रंथालयाच्या नोंदी, वेतनपत्रक हे त्याचे सवयीचे विषय. गरज मात्र जंगलात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकही तिच्या हाती आले. साहजिकच तोड, मोजणी, मजुरी व विक्री यांचा हिशेब गावावर आला. खरेदीदार बल्लारपूरसारखा कागद कारखाना असो वा व्यापारी, त्याच्या वहीशी ताडून पाहण्यास गावाची स्वतःची नोंद लागते. अशी प्रणाली गोंडीभाषकांनाही वापरता यावी आणि नेटवर्कविना चालावी. ती रचण्यापूर्वी विद्यार्थ्याने बांबूचे बिंडे मोजले जाताना पाहिलेले असावेत.