भाड्याची सायकल लावायची कुठे?

गेल्या आठवड्यात नगरपालिकेत एका बैठकीला बसलो होतो. एसटी स्टँड ते कॉलेज या पट्ट्यात भाड्याच्या इलेक्ट्रिक सायकली आणायच्या, असा विषय. कंपनीचा माणूस मोबाईलवर ॲप दाखवत होता. आपले साहेब मात्र नियमावलीचा मसुदाच घेऊन आले होते. साडेतीन पानं! डबलसीट बंदी, हद्दीबाहेर बंदी, फूटपाथवर लावली तर दंड, दुकानासमोर लावली तर दंड. मी विचारलं, "मग लावायची कुठे?" उत्तर आलं, "ते नंतर बघू."

हे 'नंतर बघू' फार जुनं आहे मंडळी. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

चाळिशी ओलांडलेल्यांना तासाच्या भाड्याची सायकल आठवत असेल. वहीत नाव आणि वेळ लिहायची, मडगार्डवर दुकानाचं नाव आणि नंबर रंगवलेला. पाय पुरत नसला तर नळीखालून पाय घालून पळवायची. नियम दुकानदाराच्या तोंडी असायचे. डबलसीट दिसलास तर पुन्हा देणार नाही. गावाबाहेर न्यायची नाही. दिवेलागणीच्या आत परत. शेवटचा नियम उगाच नव्हता. दिव्याशिवाय रात्री सायकल चालवणं गुन्हा होता आणि पोलिसाने धरलं तर आधी चाकातली हवा जायची. नगरपालिकेचा सायकल कर होता, तो भरल्याचा बिल्ला सायकलीला ठोकायचे. बाबांच्या सायकलीवर तसा गंजलेला बिल्ला मी पाहिलाय. (कुणाच्या माळ्यावर असेल तर फोटो टाका राव.)

म्हणजे सायकलवाल्याला नियम काही नवे नाहीत. पण त्या सगळ्या नियमांत 'लावायची कुठे' हा नियम नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. भाड्याची सायकल दुकानात परत यायची. त्या जागेचं भाडं दुकानदार भरायचा. एवढी साधी गोष्ट, पण पुढचा सगळा घोळ ती विसरल्यामुळे झाला.

दुकानाशिवायची सायकल ही कल्पना पहिल्यांदा गाजली ती ॲमस्टरडॅममध्ये, १९६५ साली. 'प्रोव्हो' नावाच्या बंडखोर पोरांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर सोडल्या. घ्या, चालवा, काम झालं की पुढच्यासाठी ठेवा. त्यामागचं डोकं लुड शिमेलपेनिंक यांचं. मोटारींनी शहर गुदमरतंय, तेव्हा पालिकेनेच दरवर्षी २० हजार पांढऱ्या सायकली विकत घ्याव्यात, अशी गटाची मागणी होती. पोलिसांनी सायकली जप्त केल्या. कारण काय, तर बिनकुलपाची सायकल सोडणं म्हणजे चोराला निमंत्रण, आणि ते नियमात बसत नाही! पोरंही कमी नव्हती. त्यांनी आकड्याची कुलपं लावली आणि आकडा सायकलीवरच रंगवून टाकला. पुढे शिमेलपेनिंक नगरसेवक झाले, १९६७ मध्ये त्यांनी प्रस्ताव रीतसर मांडला, तो फेटाळला गेला.

त्यानंतर युरोपातली शहरं हळूहळू पुन्हा 'दुकाना'कडे वळली. कोपनहेगनने १९९५ मध्ये नाणं टाकून सुटणाऱ्या सायकली आणल्या. २० क्रोनरचं नाणं टाका, सायकल स्टँडला परत लावली की नाणं परत. मात्र शहराच्या मध्यभागाबाहेर न्यायची नाही. आपल्या दुकानदाराचाच नियम! पॅरिसने जुलै २००७ मध्ये सुमारे १० हजार सायकली आणि ७५० ठाणी उभी केली. त्यातली बरीच ठाणी मोटारींच्या पार्किंगच्या जागेवर होती. खर्च जाहिरात कंपनीने उचलला, बदल्यात तिला शहरातले जाहिरात फलक मिळाले. सौदा पटो न पटो, जागा आधी ठरली होती, सायकल नंतर आली.

मग स्मार्टफोन आला आणि चिनी कंपन्यांनी ठाणंच काढून टाकलं. जीपीएस आहे, कुलूप मोबाईलने उघडतं, सायकल कुठेही सोडा. लोकांना सोयीचं वाटलं आणि होतंही. पण दुकानाचं भाडं वाचलं ते कंपनीचं. जागा गेली ती फूटपाथवरून चालणाऱ्याची. पैसा बाजारातून येत होता, म्हणून एकीपेक्षा दुसरीने जास्त सायकली ओतल्या. २०१७ मध्ये एकट्या बीजिंगमध्ये अशा २० लाखांहून जास्त सायकली झाल्या. त्या वर्षी शांघाय आणि बीजिंगने नव्या सायकली उतरवायला बंदी घातली. उचललेल्या सायकलींचे मैदानभर ढीग तुम्ही फोटोंत पाहिले असतील. ॲमस्टरडॅमनेही २०१७ मध्येच अशा कंपन्यांच्या सायकली रस्त्यावरून काढायला लावल्या. पांढऱ्या सायकलीचं गाव ते!

मला त्यातल्या त्यात हुशार वाटला तो सिंगापूरचा मार्ग. २०१८ मध्ये त्यांनी कायदाच केला. कंपनीने परवाना घ्यायचा, किती सायकली आणायच्या ते सरकार ठरवणार आणि पैसेही भरायचे. दरम्यान ओबाइक नावाची कंपनी जून २०१८ मध्ये गाशा गुंडाळून गेली, ग्राहकांच्या अनामत रकमा अडकल्या. मग २०१९ च्या जानेवारीपासून पार्किंगच्या जागेवर क्यूआर कोड आले. सायकल लावल्यावर तो स्कॅन केला नाही तर भाडं बंदच होत नाही आणि वर ५ डॉलर पडतात. वर्षात तीनदा चुकलात तर महिनाभरापर्यंत कुठल्याच कंपनीची सायकल मिळत नाही. कडक आहे. पण दंडाआधी जागा आखल्या होत्या, हे विसरू नका.

आणि आपलं पुणं? एकेकाळचं सायकलींचं शहर. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंध भागात भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. पुढच्या वर्षात पिवळ्या आल्या, केशरी आल्या. मी तेव्हा कामानिमित्त वरचेवर जायचो. पहिल्या महिन्यांत पोरं-पोरी हौसेने चालवताना दिसली, नंतर कुलूप फोडलेल्या, चाक वाकवलेल्या, फूटपाथवर आडव्या पडलेल्या सायकली दिसायला लागल्या. सगळा दोष पब्लिकवर ढकलणं सोपं आहे. तोडफोड करणारे होतेच. पण ज्या शहरात दुचाकी लावायला जागा मिळत नाही, तिथे सायकलीसाठी रंगवलेल्या चौकोनात सकाळी दहाला काय उभं असणार? पिवळीवाली ओफो २०१८ मध्येच भारतातून गेली. दोनेक वर्षांत तो सगळा उत्साह ओसरला.

आता आपल्या गावाकडे येऊ. इथे येणाऱ्या गाड्या २५० वॅटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या आहेत. अशा गाडीला लायसन लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही. त्यामुळे आरटीओकडे बोट दाखवता येणार नाही. कुठे लावायची हे पालिकेलाच ठरवावं लागेल, आणि त्या जागेचे पैसे कंपनीकडून घ्यायचे की नाहीत, हेही. मसुद्यात दंडाचे आकडे तीन ठिकाणी आहेत, जागेचा नकाशा एकही नाही.

पुढची बैठक महिनाअखेरीला आहे, बाहेर बसून ऐकायला कुणालाही येता येतं. काल संध्याकाळी मी एसटी स्टँडला जाऊन आलो. रसवंतीपासून मुतारीच्या भिंतीपर्यंतचा कुंपणालगतचा पट्टा मोकळा असतो, तिथे ना हातगाडी ना रिक्षा. पावलांनी मोजला, बावीस भरली. वीस सायकली आरामात लागतील.