जाम झालेला फोनोग्राफ

जुन्या फोनोग्राफबद्दलची एक गोष्ट ऐकायला उलटी वाटते. १९००च्या आसपासचं यंत्र जाम झालं असेल, तर बहुतेक वेळा ते सुटतं. १९२७-२८चं असेल, तर काही वेळा कधीच सुटत नाही. 'जुनं ते सोनं' म्हणायला मी बसलेलो नाही. कारण साधं आहे, मधल्या काळात धातू बदलला. आमच्या ग्रामोफोनसाठी "दोन थेंब तेल सोड, चालू होईल" असे सल्ले नातेवाइकांकडून येत असतात, त्या सगळ्यांना एकदाच उत्तर देतो म्हणजे झालं. :-)

एडिसनने १८७७ साली पहिला फोनोग्राफ केला, तेव्हा त्यात जाम होण्यासारखं फारसं काही नव्हतंच. कथलाचा वर्ख गुंडाळलेलं नळकांडं आणि ते फिरवायला दांडा. हाताची गती बदलली की गाणाऱ्याची पट्टी बदलायची. बर्लिनरच्या चपट्या तबकडीच्या सुरुवातीच्या यंत्रांचीही तीच गत. १८९६ साली न्यू जर्सीतल्या कॅमडन गावी यंत्रशाळा चालवणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सनने बर्लिनरच्या यंत्रासाठी चावीची मोटर बनवली. (हाच जॉन्सन पुढे १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी काढतो.) एडिसननेही स्प्रिंगवर चालणारी यंत्रं आणली. यंत्र आपलं आपण चालू लागलं, आणि जाम व्हायलाही इथूनच लागलं.

मोटर म्हणजे घड्याळाचाच थोरला भाऊ. डब्यात गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग, दातेरी चक्रं, आणि शेवटी गव्हर्नर. हा गव्हर्नर मला फार आवडतो. बारीक दांडीभोवती पातळ पट्ट्यांवर बसवलेली छोटी वजनं. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, दांडीवरची चकती सरकवतात, आणि ती चकती चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासते. झाला ब्रेक! मिनिटाला ७८ फेरे राखले जातात ते एवढ्याशा घासण्यावर. सगळ्यात जोरात फिरणारा भाग हाच, आणि ताकद सगळ्यात कमी पोचते तीही इथेच. त्यामुळे तेल चिकट झालं की पहिला हाच अडतो.

आमच्या यंत्रात कुणीतरी कधीकाळी खोबरेल घातलं होतं. थंडीत ते गोठतं हे आपल्या बाटलीतही दिसतं; वर्षानुवर्षांच्या धुळीत मिसळून त्याचा डिंक झाला होता. पण हा अडथळा वरवरचा. लोखंड, पोलाद, पितळ आत जसंच्या तसं असतं. रॉकेल, लाकडी काडी, जुना ब्रश आणि चार दिवसांचा धीर पुरतो. नंतर शिवणयंत्राचं तेल, तेही थेंबभरच. गंजलेल्या स्क्रूला आधी थोडी ऊब, मग तेल, मग रात्रभर विश्रांती. जोर सगळ्यात शेवटी.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. मोटर अडलेली असते तेव्हा स्प्रिंग बऱ्याचदा भरलेली असते. तशीच ठेवून गव्हर्नर काढला, तर अडवून धरलेली सगळी ताकद एका झटक्यात सुटते. चक्रांचे दाते जातात, बोटंही जाऊ शकतात. आधी स्प्रिंग पूर्ण उतरवायची, मगच पाना हातात घ्यायचा. एडिसनच्या नळकांड्याच्या यंत्रात आणखी एक नाजूक जागा आहे. आवाजाची पेटी पुढे सरकवणाऱ्या स्क्रूला इंचाला १०० आटे असतात. ती न उचलता हाताने ढकलली, तर ते केसाएवढे आटे सपाट होतात.

आता १९२०नंतरची गोष्ट. रेडिओ आला, स्पर्धा वाढली, आणि टोनआर्म, साउंडबॉक्स असे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतून होऊ लागले. स्वस्त, झटपट, दिसायला सुबक. पण जस्तात शिशासारखी किंचित अशुद्धता राहिली, तर दमट हवेत ते कणाकणांच्या सीमांवरून कुजत जातं. कुजताना फुगतं, वाकतं, तडकतं. भोकातली पोलादी पिन तेवढीच राहते आणि भोक आवळत जातं. तिथे तेल काय करणार? अडवणारा मळ नाहीच, अडवणारं खुद्द यंत्र आहे. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली ९९.९९ टक्के शुद्ध जस्ताचे मिश्रधातू आणून यावर उपाय काढला. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एडिसनच्या कंपनीने फोनोग्राफचा धंदा बंद केला! तोवर घरोघरी पोचलेल्या यंत्रांच्या पोटात जे होतं ते होतंच.

आमचं यंत्र त्याच पिढीतलं. मोटर सुटली, तबकडी आता सुरेख फिरते. पण साउंडबॉक्स टोनआर्मच्या गळ्याशी घट्ट बसलाय आणि गळ्यावर केसासारखी तडा गेलीय. गरम करून पिळला तर निघेल, असं मामा म्हणतात. निघेलही, पण तुकड्यांत. आजोबांनी शेवटची सुई बसवली ती अजून तिथेच आहे, आणि दिवाळीत सगळ्यांना याच यंत्रावर गाणं ऐकायचंय. दोन्ही गोष्टी होणार नाहीत. म्हणून मी दुसरा, पितळी टोनआर्म शोधतोय. तो मिळाला की जुना हात साउंडबॉक्स आणि सुईसकट उतरवून फडक्यात गुंडाळून ठेवीन. न मिळाल्यास यंदा नुसती फिरणारी तबकडी बघायला या.