मुखवट्याचे वारस

इंग्लंडात दर वर्षी ५ नोव्हेंबरच्या रात्री होळ्या पेटतात, शोभेचे दारूकाम होते आणि चिंध्या व रद्दी कागद भरून केलेला एक पुतळा त्या जाळात टाकला जातो. उत्तर हिंदुस्थानात दसऱ्याला रावण जळतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, हा पुतळा ज्याचा, तो गाय फॉक्स पुराणातला नसून इतिहासातला आहे. १६०५ साली रॉबर्ट केट्सबी याच्या पुढारपणाखाली काही कॅथलिक सरदारपुत्रांनी पहिल्या जेम्स राजासह सारी पार्लमेंट उडवून देण्याचा कट रचला. उमरावांच्या सभागृहाखालच्या तळघरात दारूची ३६ पिंपे रचून फॉक्स पहाऱ्यास राहिला आणि ऐन वेळी पकडला गेला. हालहाल करून त्याच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आला आणि ३१ जानेवारी १६०६ रोजी त्याला देहदंड झाला. राजा वाचला म्हणून दर वर्षी ईश्वराचे आभार मानावेत, असा कायदा पार्लमेंटने केला. तो थेट १८५९ पर्यंत टिकला आणि होळी तर अद्याप टिकून आहे.

फॉक्सला सामान्यांचे राज्य हवे होते, असे मात्र कोणी समजू नये. एका पंथाच्या राजाच्या जागी दुसऱ्या पंथाचे राज्य यावे, एवढाच त्या कटाचा हेतू होता. असे असता चार शतकांनंतर याच माणसाचा चेहरा जगभरच्या निदर्शकांनी स्वातंत्र्याचे चिन्ह म्हणून धारण केला. हे परिवर्तन घडवले ते एका चित्रकथेने आणि तिच्यावरून निघालेल्या एका वादग्रस्त चित्रपटाने.

ती चित्रकथा म्हणजे ‘व्ही फॉर व्हेंडेटा’. व्हेंडेटा म्हणजे सूड. मार्च १९८२ मध्ये ‘वॉरियर’ या ब्रिटिश मासिकातून ती कृष्णधवल रूपात प्रसिद्ध होऊ लागली. लेखक नॉर्दम्प्टनचे अ‍ॅलन मूर आणि चित्रकार डेव्हिड लॉइड. नायकाला गाय फॉक्सचा वेश द्यावा, ही कल्पना लॉइड यांची. पात्रांच्या मनातले विचार दाखवणारे फुगे आणि धडाडधूम असे आवाजाचे शब्द चित्रांत नकोत, हाही त्यांचाच आग्रह. मासिक १९८५ साली बंद पडले आणि कथा अर्धवट राहिली. पुढे अमेरिकेतील डीसी कॉमिक्सने १९८८-८९ मध्ये दहा रंगीत अंकांत ती पूर्ण केली.

कथेचा काळ १९९७ नंतरचा. अणुयुद्धात जग होरपळले आहे. ब्रिटन वाचले खरे, पण दुष्काळ आणि बंडाळी यांनी खिळखिळे झाले आणि ‘नॉर्सफायर’ या फासिस्ट पक्षाच्या हाती गेले. परवर्णीय, समलिंगी आणि विरोधक यांची रवानगी छावण्यांत झाली. एका छावणीतील अमानुष प्रयोगांतून बचावलेला, नाव नसलेला एक कैदी मुखवटा चढवून सत्तेचा एकेक खांब पाडू लागतो. ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. मार्गारेट थॅचर १९७९ साली सत्तेवर आल्या होत्या, बेकारी वाढली होती आणि वर्णद्वेषी संघटना रस्त्यांवर मिरवत होत्या. १९८३ च्या निवडणुकीत हुजूर पक्ष हरेल, असे मूर यांनी गृहीत धरले होते. तो जिंकला आणि १९८७ साली पुन्हा जिंकला. भविष्यवाणी म्हणून ही कथा चुकली. परंतु तिच्यातील रस्तोरस्तीचे पाळत ठेवणारे कॅमेरे तेवढे खरे ठरले.

या राज्ययंत्राची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्याची खाती शरीराच्या अवयवांवरून ओळखली जातात: पाहणारा डोळा, ऐकणारा कान, तपास करणारे नाक, दंड देणारे बोट आणि बोलणारे मुख. मुख म्हणजे नभोवाणी. रोज एकाच भारदस्त आवाजात जनतेला निवेदन ऐकवले जाते. नायक त्या निवेदकालाच पळवतो. दुसऱ्या दिवशी आवाज बदललेला ऐकून लोक प्रथमच अस्वस्थ होतात. जुलमी सत्ता बंदुकीइतकीच ओळखीच्या आवाजावर उभी असते, ही जाण त्या प्रसंगात आहे. मूर यांनी या यंत्रातील माणसांना राक्षस केलेले नाही. कोणी पगारासाठी, कोणी भीतीपोटी, तर कोणी सवयीने काम करतो. नाक खात्याचा प्रमुख फिंच हा तर सरळ मनाचा, कर्तव्यदक्ष अधिकारी आहे. सुव्यवस्था हवी म्हणून त्याने चाकरी पत्करली आणि तिची किंमत इतरांनी भरली, हे त्याला फार उशिरा उमजते.

मूर यांच्या मते कथेचा खरा झगडा फासिझम आणि अराज्यवाद यांच्यात होता. अराज्यवाद म्हणजे अंदाधुंदी नव्हे, तर कोणीही कोणावर सत्ता न गाजवता स्वेच्छेने उभारलेला समाज. हा भेद कथानायक स्वतः स्पष्ट करतो. पण त्या ध्येयासाठी तो माणसे मारतो, आणि इव्ही नावाच्या मुलीला निर्भय करण्यासाठी खोट्या तुरुंगात डांबून तिचे हाल करतो. तो उद्धारक की वेडा, याचा निवाडा लेखकाने वाचकावर सोपवला.

चित्रपट निघाला तेव्हा जग बदलले होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पाळतीचे नवे कायदे आले. २००३ मध्ये इराकवर स्वारी झाली. २००४ मध्ये अबू घरेब तुरुंगातील छायाचित्रे प्रसिद्ध झाली. वाचोव्स्की भावंडांनी पटकथा लिहिली आणि जेम्स मॅकटीग यांनी आपला पहिला चित्रपट म्हणून तिचे दिग्दर्शन केले. अणुयुद्धाची जागा रोगाच्या साथीने घेतली. ही साथ सत्तेसाठी राज्यकर्त्यांनीच पसरवून अतिरेक्यांच्या माथी मारलेली असते. नभोवाणीच्या जागी दूरचित्रवाणी आली. घरात कुराणाची प्रत सापडली म्हणून एका विनोदी कलाकाराला ठार मारले जाते, हा प्रसंग नव्याने घालण्यात आला. हुकूमशहाची भूमिका जॉन हर्ट यांनी केली. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’वरील चित्रपटात छळला जाणारा विन्स्टन स्मिथ १९८४ साली त्यांनीच साकारला होता.

चित्रपट ५ नोव्हेंबर २००५ रोजी, म्हणजे कटाच्या चारशेव्या वर्षदिनी यावयाचा होता. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट होऊन ५२ निरपराध माणसे मेली. पुढे प्रदर्शन लांबले. काम अपुरे असल्याने तसे झाले, असे निर्मात्यांनी सांगितले. भुयारी रेल्वेची गाडी दारूगोळ्याने भरून पार्लमेंट उडवणारा नायक पडद्यावर १७ मार्च २००६ रोजी आला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला, दहशतवादाचे उदात्तीकरण हा गुन्हा ठरवणाऱ्या ब्रिटिश कायद्याला राजसंमती मिळाली. अशा वेळी प्रतिक्रिया एकमुखी येणे शक्यच नव्हते.

एका बाजूस टीकाकार म्हणाले, हा दहशतवादाचा गौरव आहे. ‘न्यूयॉर्कर’चे डेव्हिड डेन्बी यांनी त्याच्यावर कठोर प्रहार केला. दुसऱ्या बाजूस रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. करमणुकीच्या चित्रपटाने प्रेक्षकाला विचार करावयास लावावे, हेच अनेकांना अप्रूप वाटले. उजव्या मताच्या मंडळींना त्यात आपल्या सरकारची निंदा दिसली. अराज्यवाद्यांची तक्रार उलटी होती: आमचे तत्त्वज्ञान गाळून मुखवटा तेवढा ठेवला, असे ते म्हणत.

सर्वांत तीव्र विरोध मात्र खुद्द लेखकाचा होता. आधीच्या रूपांतरांनी मूर विटले होते. पुस्तक छापील यादीतून बाहेर गेले की हक्क परत मिळतील, असा मूळ करार होता. पण पुस्तक इतके खपले की ती वेळ आलीच नाही. लोकप्रियताच लेखकाला बेडी ठरली! मार्च २००५ मध्ये निर्माते जोएल सिल्व्हर यांनी, मूर या चित्रपटाबद्दल उत्सुक आहेत असे जाहीर केले. मूर यांनी ते साफ नाकारले, आपले नाव काढावयास लावले आणि आपल्या वाट्याचे पैसेही नाकारले. पडद्यावर केवळ लॉइड यांचे नाव झळकले. अमेरिकन सरकारवर टीका करावयाची होती, तर कथा अमेरिकेतच का घडवली नाही, असा मूर यांचा सवाल होता. लॉइड यांनी मात्र चित्रपटाची पाठराखण केली. एकाच कृतीचे दोन जनक दोन पक्षांत उभे राहिले.

दोघांपैकी कोणाचेही म्हणणे सहज झटकता येत नाही. चित्रपटाने नायकाला सौम्य केले, प्रेमकथेची झाक दिली आणि सत्ताधाऱ्यांना ठोकळेबाज खलपुरुष बनवले. खलपुरुष ठोकळेबाज झाला की प्रेक्षक सुटतो, कारण त्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही. फिंच चित्रपटातही आहे, परंतु त्याच्या आजूबाजूचे साधे कारकून आणि त्यांच्या बायका गळाल्या. उलट, छावणीत मरणाऱ्या व्हॅलरी या नटीचे पत्र चित्रपटाने जवळजवळ जसेच्या तसे राखले. सर्वस्व गेले तरी अंगुळभर स्वत्व माणसाने सोडू नये, हे त्या पत्राचे सार. चित्रकथा न वाचणाऱ्या लक्षावधी लोकांपर्यंत ते पडद्यामुळेच पोचले.

शेवट तर दोन्हींत फारच निराळा आहे. चित्रपटात हजारो नागरिक तोच मुखवटा घालून निःशस्त्र चालत येतात आणि सैनिक गोळी झाडत नाहीत. हे दृश्य पुढे पडद्याबाहेर उतरले. २००८ मध्ये ‘अनॉनिमस’ या निनावी समूहाने सायंटॉलॉजी पंथाविरुद्धच्या निदर्शनांत मुखवटे घातले. २०११ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनात दिसले. ९ जून २०१२ रोजी संकेतस्थळांवरील बंदीच्या निषेधार्थ मुंबईच्या आझाद मैदानावर तरुण जमले, तेव्हाही काहींच्या तोंडावर फॉक्सच हसत होता. डिसेंबर २०१२ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हा चित्रपट दाखवला, तेव्हा तेथील प्रेक्षक चकित झाले. २०१३ मध्ये बहारीनने मुखवट्याच्या आयातीवरच बंदी घातली. गंमत अशी की, धनाढ्य कंपन्यांविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या या मुखवट्याचे स्वामित्वधन टाइम वॉर्नर या बलाढ्य कंपनीला मिळत होते.

चित्रकथेच्या शेवटी गर्दी जल्लोष करीत नाही. राज्य कोसळले आहे, रस्त्यांवर दंगली आहेत, पुढे काय हे कोणास ठाऊक नाही. नायकाला गोळी घालणारा फिंच आपली चाकरी मागे टाकून शहराबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्याने एकटाच चालू लागतो. जुलूम कसा पाडावा, हे चित्रपटाने दाखवले. जुलूम पडल्यावर सामान्य माणसाने काय उभारावे, आणि तो उभा असताना आपण त्याला किती हातभार लावला, हे दोन प्रश्न चित्रकथेने त्या रस्त्यावर सोडले आहेत. मुखवटा बाजारात विकत मिळतो. त्या प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने मुखवटा उतरवूनच द्यावयाची असतात.