उसाच्या मुळाशी झालेलं शिक्षण

बीएचसी पावडर आमच्या पिढीला नाकानं ठाऊक आहे. माझे अब्बा फडक्याच्या पुरचुंडीतून ती ज्वारीवर धुरळायचे. तिचा कुबट वास दिवसभर कपड्यांना राहायचा. त्या पावडरीचं पुढं काय झालं, हा इतिहास फारसा कुणी सांगत नाही.

हे रसायन मायकेल फॅरेडे यांनी १८२५ साली तयार केलं. ते किडे मारतं, हे ध्यानात यायला मात्र १९४० चं दशक उजाडलं. स्वस्त असल्यानं ते आपल्याकडं गावोगाव पोचलं. पण पावडरीत कीड मारणारा ‘गॅमा’ हा भाग जेमतेम १० ते १५ टक्के. त्याची बाकीची भावंडं फारशी कामाची नसूनही जमिनीत पडून राहायची. त्यांत ‘बीटा’ सर्वांत चिवट. ती अन्नातून प्राण्यांच्या चरबीत आणि दुधातही जाऊन बसते.

मातीनं हे निमूटपणे सोसलं, असं मात्र झालं नाही. कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेत एन. सेतुनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या मुळांभोवतीच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला. हे विष त्याचं अन्न झालं होतं! १९९० साली त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केलं. पुढं दिल्ली विद्यापीठातले रूप लाल आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. २००५ साली त्याला ‘स्फिंगोबियम इंडिकम’ असं नाव मिळालं. विषाच्या रेणूला क्लोरीनचे सहा अणू चिकटलेले असतात. हा जिवाणू ते टप्प्याटप्प्यानं सोडवतो. त्यासाठी लागणारी ‘लिन’ जनुकं जपान आणि फ्रान्समधल्या त्याच्या भाऊबंदांतही सापडली. म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या मातीनं एकच विद्या हस्तगत केली होती.

ही विद्या कामाला लावण्याचे प्रयत्नही झाले. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांवर हे जिवाणू बसवून ते दूषित मातीत मिसळले, तेव्हा विषाचं प्रमाण घटलं. पण हुरळून जाऊ नये. हट्टी ‘बीटा’चं रूप हा जिवाणू बदलतो, तिला पुरतं संपवत नाही. शिवाय गॅमा वेगळा काढून केलेल्या एक टन लिंडेनमागं साधारण ८ ते १२ टन कचरा उरतो. लखनौजवळच्या उम्मरी गावात असा कचरा टाकला गेला. तेवढे ढीग एकट्या जिवाणूनं कसे उपसावेत?

भारतात बीएचसीवर बंदी आली १९९७ साली, लिंडेनच्या वापरावर २०१३ साली. तारखा शेजारी ठेवून पाहा. विषाशी कसं वागायचं, हे उसाच्या मुळाशी राहणाऱ्या जिवाला आपल्या सरकारी कागदांच्या आधी उमगलं होतं. तरी त्यानं धुवायचं आणि आपण पुन्हा ओतायचं, ही वाटणी न्यायाची नाही. आज फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्यानं एवढं जरूर आठवावं.