आयर्लंडच्या मार्गारेटबाई आणि आपण

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात औंढ्याचे देऊळ किंवा नर्सीचे नामदेव महाराज असावेत. त्या विषयांवर आपल्यापैकी पुष्कळ जणींनी लिहिले आहे, आणि माझ्याहून चांगले लिहिले आहे. मी जरा दूरच्या लोकांची हकीकत सांगणार आहे. भगिनींना वाटेल, आयर्लंड कोठे आणि हिंगोली कोठे! पण शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचे बेट. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी तेथील जमीन बहुतेक इंग्रज जमीनदारांची आणि कसणारे कूळ आयरिश. पिकलेले धान्य खंडात जाई आणि घरात खायला उरे तो बटाटा. आपल्या गरिबाला जशी ज्वारीची भाकरी, तसा त्यांना बटाटा. 1845 साली त्या बटाट्यावर रोग पडला आणि पुढे काही वर्षे पीक हातचे जात राहिले. सुमारे 10 लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली व जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्याच दिवसांत धान्याने भरलेली गलबते आयर्लंडच्या बंदरांतून इंग्लंडकडे जातच होती! 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडून दिवस काढले, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

गेलेले लोक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या मुलखांत पांगले. निघण्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी त्या घरी जमत आणि मयताच्या घरी करतात तसे रात्रभर जागरण करीत. कारण गेलेले माणूस पुन्हा दिसेल अशी आशा नसे. त्यांत तरुण मुलीही असत, पुष्कळदा एकट्या. न्यूयॉर्क, बोस्टनच्या घरांतून त्या मोलकरणी झाल्या आणि पगारातले पैसे गावी धाडू लागल्या. त्या पैशांवर आईबापांचा खंड भरला जाई, धाकट्या भावंडाचे तिकीट निघे. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात. पण आयर्लंडातल्या कितीतरी चुली या मुलींच्या मोलमजुरीवर पेटत्या राहिल्या, हाही इतिहासच नव्हे काय?

अशा या देशात, बॉइल नावाच्या लहान गावी, 1878 साली मार्गारेटबाईंचा जन्म झाला. लग्नानंतरचे त्यांचे आडनाव कझिन्स. संगीत शिकलेल्या या बाईंनी 1908 साली मैत्रिणींबरोबर स्त्रियांच्या मताधिकारासाठी संस्था काढली आणि त्यापायी दोनदा तुरुंग पाहिला. 1915 साली त्या पती जेम्स यांच्यासह हिंदुस्थानात आल्या. साहेबाच्या राज्यात गोरी कातडी असूनही साहेबाच्या बाजूने उभ्या राहिल्या नाहीत. 1917 साली सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे जे शिष्टमंडळ मताधिकार मागण्यास भारतमंत्री माँटेग्यू यांना मद्रासेत भेटले, त्याच्या जमवाजमवीत त्यांचा मोठा हात होता. 1919 साली रवींद्रनाथ मदनपल्लीस आले असता ‘जनगणमन’च्या चालीचे स्वरलेखनही याच बाईंनी केले.

पण मला सांगायचे आहे ते पुण्याचे. 1926 साली मार्गारेटबाईंनी ठिकठिकाणच्या स्त्रियांना पत्रे धाडली: मुलींना कोणते शिक्षण हवे, हे पुरुषांनी का ठरवावे? तुम्ही आपल्या गावी बैठक घ्या, ठराव करा, मग सगळ्या मिळून एकत्र येऊ. त्याप्रमाणे आधी जागोजागी लहान बैठका झाल्या आणि जानेवारी 1927 मध्ये पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईसाहेब गायकवाड होत्या. जिने एवढी खटपट केली तिने खुर्ची मागितली नाही. तिला अध्यक्षपद मिळाले ते 1936 साली.

शिक्षणाचा विचार करता करता या स्त्रियांच्या ध्यानी आले की मुलगी शिकायची तर आधी तिचे लहानपणीचे लग्न थांबले पाहिजे. म्हणून त्यांनी शारदा कायद्यासाठी जोर लावला. तो 1929 साली मंजूर झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरले. परंतु तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता आणि आपले हिंगोली होते निजामाच्या राज्यात. माझ्या आईचे लग्न 1941 साली, अकराव्या वर्षी झाले. 1948 साली आपण मुक्त झालो, आणि पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तिने मत दिले. सही येत नव्हती. पण बोटावरची शाई ती दोन दिवस सर्वांना दाखवीत होती.

आता कायद्याने मुलीचे वय 18 आहे. तरी गेल्या दसऱ्याच्या सुमारास आपल्याच वस्तीत नववीतल्या एका मुलीचे लग्न ठरले, हे आपणांस ठाऊक आहे. आपण काही जणी त्या घरी गेलो. मला आधी वाटले होते, दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलावे? आई म्हणाली, “बाई, आम्ही सहा महिने उसाच्या फडावर. एवढ्या मोठ्या पोरीला कोणाजवळ ठेवू?” त्या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर नव्हते. अखेर मुलीची आजी आपल्या घरी ठेवायला तयार झाली, शाळेच्या खर्चाचे मंडळाने पाहिले, आणि मुलगी आज दहावीत आहे.

तेव्हापासून मला आयर्लंड दूरचे वाटत नाही. पोटासाठी माणसे गाव सोडतात तेव्हा मागे राहणाऱ्या मुलीचे काय, हा प्रश्न तेथेही होता आणि येथेही आहे. मार्गारेटबाई 1954 साली मद्रासला अड्यार येथे वारल्या. त्यांनी लिहिलेली पत्रे जिच्या जिच्या हाती पडली, तिने आपल्या गावी चार बायका जमविल्या, आणि त्या लहान बैठकांतूनच पुण्याची परिषद उभी राहिली. आपले मंडळही तशीच एक लहान बैठक आहे. यंदाच्या दसऱ्यापूर्वी, फडावर जाणाऱ्या प्रत्येक घरी एकदा जाऊन यावे, असे मी सुचविते.