काटकोन त्रिकोणाची तिसरी बाजू कशी काढायची? घराच्या पायापासून शिडीपर्यंत कामी येणारं गणित

नव्या घराच्या पायाची आखणी सुरू आहे. खोली १२ बाय १६ फूट. चारही बाजू टेपने मोजल्या, मापं बरोबर आली. तरीही खोली तिरकी असू शकते. ही चूक लक्षात येते ती फरशी बसवताना, कारण भिंतीकडेची प्रत्येक लादी तिरकी कापावी लागते. तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणूनच आखणी करताना समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतरही मोजतात. ते २० फूट भरलं, तर कोपरा काटकोनात आहे. पण हा २० आकडा येतो कुठून?

सूत्र काय सांगतं?

काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. त्रिकोणातली ही सर्वांत लांब बाजू. पायथागोरसच्या प्रमेयानुसार, कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो.

१२ चा वर्ग १४४, १६ चा वर्ग २५६. बेरीज ४००. तिचं वर्गमूळ २०.

कर्ण माहीत असेल तर?

मग बेरीज नाही, वजाबाकी करायची. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे आणि तिचा पाय भिंतीपासून १.४ मीटरवर आहे. ती किती उंच पोहोचेल?

५ चा वर्ग २५, १.४ चा वर्ग १.९६. वजाबाकी २३.०४. वर्गमूळ ४.८ मीटर.

इथेच अनेकांची गल्लत होते. कर्ण दिलेला असतानाही बेरीज केली जाते. उत्तर कर्णापेक्षा मोठं आलं, तर गणित चुकलं समजा.

एकच बाजू माहीत असेल तर?

मग एक कोन माहीत हवा. कोन ४५ अंशांचा असेल, तर काटकोनाच्या दोन्ही बाजू समान असतात आणि कर्ण त्यांच्या सुमारे १.४१४ पट असतो. ३० अंशांच्या कोनासमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते. इतर कोनांसाठी त्रिकोणमितीतले साइन, कोसाइन आणि टॅन वापरतात.

पायथागोरसच्या आधीही?

हो. यज्ञवेदीच्या रचनेसाठी लिहिलेल्या बौधायन शुल्बसूत्रात हाच नियम आयताच्या कर्णाच्या रूपात सांगितला आहे. त्याहून जुन्या बॅबिलोनियातल्या ‘प्लिम्प्टन ३२२’ या मातीच्या पाटीवरही अशा त्रिकोणांचे आकडे कोरलेले आहेत.

घरी कोपरा तपासायचा असेल, तर एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन्ही खुणांमधलं अंतर ५ फूट आलं, तर कोपरा काटकोनात आहे.